चार बोटं आत

वर्गात सगळे तिला चौकशीबाई म्हणत, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. वय त्रेपन्न, कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कटर. पहिल्याच दिवशी, चटई पसरायच्याही आधी, तिने विचारलं होतं की सगळ्यांनी खिडकीकडेच तोंड का करायचं, भिंतीकडे का नाही? गुरुजी म्हणाले, "खिडकीतून उजेड येतो म्हणून." तिला ते लगेच पटलं. चेहरे पडले ते बाकीच्यांचे. त्यातले काही जण सहा-सहा वर्षं खिडकीकडे तोंड करत होते आणि त्यामागे काहीतरी गहन असणार असं धरून चालले होते.

शिकवण्याची पद्धत जुनी. छापखान्याच्या वरचा मजला, लाकडी जमीन, आणि वही नाही, पुस्तक नाही, चित्र नाही. गुरुजी करून दाखवणार, तुम्ही तस्संच करायचं. एक आसन अंगात मुरलं की गुरुजी मान हलवणार, मग पुढचं. मान हलली नाही तर बसा तिथेच महिनोन्महिने. तिसरं वर्ष सरताना परीक्षा व्हायची. ज्याने जन्मात आसन केलेलं नाही असं एक कोरं माणूस घेऊन यायचं आणि गुरुजींसमोर त्याला पहिला धडा द्यायचा. पसंत पडला तर शिकवायची परवानगी देणारं पत्र, नाही तर पुन्हा वर्षभराने.

हे पत्र तिला हवंच होतं. कारखान्यातल्या अठरा बायका मशीनवर वाकून वाकून कंबर धरून बसल्या होत्या. स्वतःची कंबर या आसनांनी मोकळी झाली तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा होता, की यांनाही शिकवायचं. मालकाकडे गेली तर तो म्हणाला, "सकाळी सहा ते सात कटिंगचा हॉल तुमचा. पण पत्र आणा. उद्या कुणाची मान अवघडली तर मी कुणाकडे बोट दाखवू?" बोलण्यात खोट काढावी असं काही नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मध्ये त्रिकोणासन आलं. पाय फाकवून उभं राहायचं, हात आडवे पसरायचे आणि कमरेतून एका बाजूला वाकायचं. हे जगभर करतात. पण इथे वाकायच्या आधी डावं पाऊल चार बोटं आत ओढायचं. गुरुजी ओढायचे म्हणून सगळेच ओढायचे. सतरा डावी पावलं एकदम सरकली की लाकडी जमिनीवर सर्रकन आवाज व्हायचा, आणि नव्या माणसाला वाटायचं, वा, काय शिस्त आहे!

चौकशीबाईला शिस्त दिसली नाही, शिवण दिसली. तिचा धंदाच तो. पुढे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या विजारीची बाजूची शिवण पाऊल आत गेल्याबरोबर पिळायची आणि डावीकडचा कमरपट्टा वर चढायचा. एकट्या गुरुजींची शिवण त्या क्षणी अगदी ओळंब्यात, सरळ खाली यायची. हे काय गौडबंगाल?

तिने आधी मॉनिटरला विचारलं. मॉनिटर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, गुरुजी नसले की वर्ग सांभाळणारे.

"त्याने डावी नाडी जागी होते," मॉनिटर म्हणाले.

"जागी होऊन मग काय करते?"

"बाई, काही गोष्टी विचारायच्या नसतात."

मग तिने वर्गातल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे अहंकार कमी करण्यासाठी असतं. नेमका चार बोटांनीच कसा कमी होतो, असं विचारल्यावर त्यांनी चटई गुंडाळायला घेतली. शेवटी तिने धीर करून गुरुजींनाच गाठलं. ते सत्तरीचे, शिडशिडीत, कमी बोलणारे. त्यांनी आपल्या पायाकडे एखादी नवीनच वस्तू बघावी तसं बघितलं. "मी करतो खरं तसं," ते म्हणाले, आणि पुढच्या आसनाकडे वळले.

उत्तर मिळालं ते पाच महिन्यांनी, आणि तेही घरी. ती घरी कपडे अल्टर करून द्यायची हे कुठूनतरी कळल्यावर गुरुजी एका रविवारी दोन विजारी घेऊन आले. दोन्हींची डाव्या पायाची दुमड टाचेखाली येऊन झिजलेली, उजवी कोरी करकरीत. "हल्ली कापडच वाईट येतं," ते म्हणाले. "डावीकडे आधी जातं. कायमचंच आहे."

कारखान्यात तिला कटिंग शिकवणाऱ्या उस्तादाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की दोन्ही पाय मोजायचे, एकावरून दुसरा धरायचा नाही. तिने गुरुजींच्या पायांना टेप लावला. उजवा मोजला, डावा मोजला, मग पुन्हा डावा. पाऊण इंच कमी. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि लगोलग हसूही आलं. पाय फाकवल्यावर आखूड पायाकडची कंबर खाली जाणार, ती वर आणायची तर पाऊल आत ओढावं लागणार. चार बोटं! नाडी नाही, अहंकार नाही, एका माणसाचा एक आखूड पाय. आणि सोळा धडधाकट माणसं वर्षानुवर्षं त्या पायाची नक्कल करत आपापली कंबर वाकडी करत होती.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि वहीत माप लिहून वही मिटली. उस्तादाची दुसरी शिकवण अशी, की गिऱ्हाइकाचं माप वहीतच राहायला हवं. कुणाचा खांदा उतरलेला, कुणाची पाठ पोक काढलेली, ते झाकून द्यायचं, बोलून दाखवायचं नाही. तिने डावा पाय गुपचूप पाऊण इंच वर दुमडला. महिन्याभराने गुरुजी खुशीत सांगत होते, की हे कापड चांगलं निघालं.

पोटात ठेवणं मात्र तिच्या स्वभावात बसेना. नाव घेऊन सांगणं शक्य नव्हतं, म्हणून नवऱ्याजवळ तिने आडून विषय काढला. तो घड्याळं दुरुस्त करतो, डोळ्याला भिंग लावलं की जगाशी संबंध ठेवत नाही.

"अहो, समजा, शिकवणाऱ्याचीच एखादी खोड सगळे शिकत असतील तर?"

"परीक्षा कधी आहे तुझी?"

"शनिवारी."

"मग रविवारी सांग," तो म्हणाला. "अगं, तीन वर्षं घातलीस. शनिवारी जे दाखवलंय तेच कर, पत्र घे, मग खुशाल क्रांती कर."

हे तिला मान्य होतं. अगदी शनिवारी सकाळी जिना चढेपर्यंत मान्य होतं.

कोरं माणूस म्हणून तिने कारखान्यातली इस्त्रीवाली आणली होती. दिवसाचे आठ तास उभी राहणारी, जाडजूड, बोलकी बाई. गुरुजी भिंतीला टेकून बसले, मॉनिटर आणि बाकीचे मागे ओळीने. पहिली आसनं झकास झाली. इस्त्रीवालीने एकदा मोठ्याने जांभई दिली, तेवढंच. मग त्रिकोणासन आलं.

"पाय लांब. हात आडवे. आता डावं पाऊल चार बोटं आत ओढ."

इस्त्रीवालीने ओढलं आणि वाकायला गेली. "आई गं! कमरेत कळ आली, बाई. हे असंच असतं का?"

चौकशीबाईने तिच्याकडे पाहिलं. शिवण पिळली होती, कमरपट्टा चढला होता. तिला अठराच्या अठरा बायका कटिंगच्या हॉलमध्ये अशा पिळलेल्या उभ्या दिसल्या, आणि पिळणारी ती स्वतः. पत्र तीन हातांवर बसलं होतं, भिंतीला टेकून.

"नाही," ती म्हणाली. "असं नसतं. पाऊल पूर्वीसारखं बाहेर घे. हां, आता वाक."

इस्त्रीवाली वाकली. "अगोबाई, सोपं आहे की!"

मागे कुजबूज झाली. मॉनिटरनी घसा खाकरला. गुरुजी उठून जवळ आले.

"पाऊल का सोडलंत?"

"तिला ते लागत नाही, गुरुजी."

"मग बाकीच्यांना का लागतं?"

"त्यांनाही लागत नाही."

खालून छापखान्याचं यंत्र खडखडत होतं.

"मग लागतं कुणाला?" गुरुजींनी विचारलं. आवाजात राग नव्हता. ती स्वतः प्रश्न विचारते तसाच त्यांनी तो विचारला होता.

तीन वर्षं प्रश्न तिचे असायचे; आज उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते वहीत मिटलेलं होतं.

"बोला ना."

"माप मी गिऱ्हाइकालाच सांगते, गुरुजी. चारचौघांत नाही."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या विजारीच्या दुमडीकडे, आधी उजव्या, मग डाव्या. वाकून दोन्ही दुमडी बोटांनी चाचपल्या. तिला वाटलं, गेलं पत्र, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण या माणसाला सगळ्यांसमोर दुखावलं.

"किती?" ते म्हणाले. "गिऱ्हाईक विचारतंय. सांगा, सगळ्यांना ऐकू दे."

"पाऊण इंच. डावा."

"माझे गुरुजी मला रोज ओरडायचे," ते हळूहळू म्हणाले. "पाऊल हलवू नकोस म्हणून. मला ते कधीच जमलं नाही. मला वाटायचं, माझ्यात निष्ठाच कमी आहे." मग ते मागच्या ओळीकडे वळले. "तुम्हाला मी हे कधी शिकवलं?"

मॉनिटर जमिनीकडे बघत म्हणाले, "शिकवलं नाहीत. पण तुम्ही करत होतात."

गुरुजींनी इस्त्रीवालीला हाताने बाजूला व्हायला सांगितलं, तिच्या चटईवर उभे राहिले आणि पाय फाकवले. मग चौकशीबाईकडे बघितलं, पहिल्या दिवशीचा विद्यार्थी बघतो तसं. डावं पाऊल सवयीने आत सरकायला लागलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. तिने खांद्यावरचा सुती टॉवेल घेतला, घडी घातली, बोटाने जाडी बघितली, आणखी एक घडी घातली. बरोबर पाऊण इंच. ती खाली बसली, त्यांचं पाऊल उचलून होतं तिथेच परत ठेवलं, आणि घडी त्याच्याखाली सरकवली.

"आता वाका."

ते वाकले. शिवण ओळंब्यात राहिली. पाऊल हललं नाही. त्यांनी पाच श्वास घेतले, मग आणखी पाच, आणि तिने मोजणं थांबवलं तरी ते वर येईनात. वर आले तेव्हा डोळे पुसायला त्यांनी तोच टॉवेल मागितला.

"देते," ती म्हणाली. "आधी दुसरी बाजू करा."

गुरुजींनी मान हलवली, आसन अंगात मुरलं की हलवायचे तशी.