रिकाम्या पोर्चमधली चार लिंबं

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. मी माझ्या बहिणीची गाडी तिला न विचारता विकली... ती हॉस्पिटलात असताना. आणि त्यानंतर जवळजवळ चार महिने तिच्याशी खोटं बोलत राहिलो.

दुसरी गोष्ट. मी इंजिनिअर माणूस आहे. एका सरकारी कारखान्यात टेस्टिंग विभागात नोकरी केली. जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही तिथली शिस्त घरीही पाळत आलो. या सदरातले अनुभव आजवर चहाबरोबर वाचायचो आणि ‘चांगली थाप आहे’ म्हणून अंक बाजूला ठेवायचो. माझाही कुणी तसाच ठेवला तर माझी तक्रार नाही.

आमचं घर बंगलोरला, बसवनगुडीत. घराणं इथे इतक्या पिढ्यांचं की महाराष्ट्रातलं आमचं गाव कोणतं, हे वडिलांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि अक्काच्या तोंडात दोन्हींची खिचडी. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी पाळण्यातून नुकता बाहेर आलो होतो. मला वाढवलं अक्कानंच. तिनं लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवायची आणि गाडी चालवायची.

गाडी म्हणजे वडिलांनी घेतलेली फिकट निळी स्टँडर्ड हेराल्ड. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना कसं सांगू... तिचं बॉनेट इतर गाड्यांसारखं उघडत नसे. हेडलाइट, मडगार्ड यांच्यासकट अख्खा पुढचा भाग पुढे कलंडायचा आणि आतलं इंजिन, पुढची चाकं, सगळं उघड्यावर यायचं. मगरीनं जबडा वासावा तसं. आणि वळायची कशी! आमच्या रस्त्यात अँबॅसडरवाले मागेपुढे करून घामाघूम व्हायचे. अक्का एका दमात गाडी फिरवून गांधी बझारकडे निघालेली असायची. वडील स्वतः घाबरत चालवायचे. पुढे पुढे तेच मागच्या सीटवर बसू लागले आणि लोकांना सांगू लागले, “माझा ड्रायव्हर बी.एस्सी. आहे.”

तेव्हा गल्लीत गाड्या थोड्या. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची मॉरिस मायनर, वकिलांची फियाट आणि आमची हेराल्ड. कोण घरी आलं ते आवाजावरून कळायचं. थंडीतल्या सकाळी अक्का चोक ओढून गाडी सुरू करायची — आधी दोनदा नुसतं घरघरणं, मग एक खोकला, आणि मग तो बारीक टकटक करणारा संथ आवाज. पेट्रोलचा कच्चा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी दप्तर घेऊन धावायचो. तापलेल्या रेक्झिनचा तो वास आजही कुठे आला की मला अभ्यास झालेला नसल्यासारखं वाटतं.

वडील गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली. मुलगा म्हणून. अक्का एवढंच म्हणाली, “सरी, ठीक आहे, नाव तुझं असू दे. किल्ली माझी.”

मग मी मारुती घेतली. पोर्चमध्ये एकाच गाडीपुरती जागा. मारुती बाहेर रस्त्यावर झाडाखाली उभी राहायची आणि रोज सकाळी तिच्यावर पाखरांची घाण. ऑफिसला जाताना मला ती पुसावी लागायची. हेराल्ड विकण्यामागे एवढंच कारण होतं. लोकांना मी पार्ट मिळत नाहीत, पेट्रोल परवडत नाही, असलं पुष्कळ सांगितलं. खरं कारण पाखरांची घाण.

चौऱ्याण्णव सालच्या जूनमध्ये अक्का न्हाणीघरात पडली. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, काठीनं चालतील. मी मनाशी हिशेब केला — डावा पाय, म्हणजे क्लचचा पाय. आता ती काही चालवत नाही. त्याच आठवड्यात देवनहळ्ळीचे एक शेतकरी, नारायणप्पा, गाडी बघायला आले आणि घेऊनही गेले. माझी बायको सुधा तेव्हा म्हणाली होती, “अहो, अक्कांना आधी सांगा तरी.” मी म्हटलं, घरी आली की सांगतो.

अक्का घरी आली. रिक्षातून उतरायच्या आधीच तिनं विचारलं, “पोर्चमध्ये मारुती कशी? हेराल्ड कुठे?”

मी सांगणारच होतो. पण ती फार वाळली होती. तोंडातून निघून गेलं, “गॅरेजला आहे. गिअरबॉक्सचा पार्ट मद्रासहून यायचाय.”

“मग ही इथं कशाला घातलीस? ती आली की काय माझ्या डोक्यावर उभी करणार? काढ बाहेर.”

मी मारुती काढून पुन्हा झाडाखाली लावली. पोर्च रिकामा राहिला. तो तसाच राहिला — जून, जुलै, ऑगस्ट.

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम अक्का दोन वेळा करायचीच, पण तिचा स्वतःचा एक व्यायाम वेगळा होता. खुर्ची भिंतीजवळ घ्यायची, डावा पाय भिंतीला लावायचा आणि दाबून धरायचा. मग हळूहळू सोडायचा. क्लच. घामानं चेहरा भिजायचा. सुधा म्हणायची, “पुरे हो अक्का, दुखेल.” तर ही म्हणायची, “गाडी आली आणि पाय आला नाही तर ती काय म्हणेल गं?” मी दाराआडून पाहायचो आणि बूट घालून ऑफिसला निघायचो. संध्याकाळी प्रश्न ठरलेला — “पार्ट आला काय रे, बाळू?” माझं उत्तरही ठरलेलं.

आता तो दिवस.

इथे खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात, आणि त्या दिवशी सगळं शहर गाड्या धुतं. सायकलपासून बसपर्यंत सगळ्यांना हार, केळीचे खुंट, कुंकू. पूजा झाली की चारी चाकांपुढे एकेक लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यांच्यावरून पुढे न्यायची. लिंबं चिरडली की दृष्ट गेली. आमच्याकडे हे काम नेहमी अक्काचं.

त्या सकाळी मी मारुतीला रस्त्यावरच हार घातला आणि चाकांपुढे लिंबं ठेवली. आत आलो तर अक्का काठी बाजूला टाकून पोर्चमध्ये जमिनीवर बसलेली. फरशी धुतलेली. फाटकापासून पायरीपर्यंत तिनं रांगोळी घातली होती आणि हेराल्डची चाकं जिथे असायची तिथे चार लिंबं ठेवत होती. जागा तिला बघावी लागत नव्हती.

“अक्का, गाडी नाही आणि...”

“गाडी नाही, जागा आहे ना? यंदा जागेची पूजा. स्वल्प हात दे, उठव मला.”

मी तिला उठवलं. ती आरतीचं तबक तयार करायला देवघरात गेली. मी कापूर आणायला स्वयंपाकघरात गेलो. फाटकाला आतून कडी होती; मीच लावली होती, गाई येऊन रांगोळी विसकटतात म्हणून. सुधा गॅसपाशी होती. मी डबा उघडला, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

दोनदा घरघर. एक खोकला. मग तो टकटक करणारा संथ आवाज.

सुधाच्या हातातला डाव तसाच राहिला. तिला ठाऊक होतं गाडी विकलीय ते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, “अहो... ही आपलीच ना?”

कच्च्या पेट्रोलचा वास आत आला. मी धावलो. हॉल ओलांडायला कितीसा वेळ लागतो? मी दारात पोचलो तेव्हा आवाज थांबलेला होता. पोर्च रिकामा. फाटकाची कडी जागच्या जागी. आणि फरशीवर चारही लिंबं सपाट झालेली, रस ओघळून रांगोळीत गेलेला. रांगोळीवरून फाटकापासून आतपर्यंत टायरचे दोन पट्टे. मारुती बाहेर झाडाखाली तशीच होती, हार घालून. तिची चाकं मी वाकून पाहिली. तिच्यापुढची लिंबं अजून शाबूत होती.

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारच्या पद्मम्मांनी डोकं वर काढलं. “कार बंता, अक्का?” गाडी आली का, असं आनंदानं विचारत होत्या. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

मागे वळलो तर अक्का दारात. हातात आरतीचं तबक — दोन्ही हातांत. काठी नव्हती. देवघरापासून ती तशीच चालत आली होती.

“आली होती ना?” तिचा चेहरा... मी शाळेत पहिला आलो होतो तेव्हाही असा पाहिला नव्हता. “गेली का लगेच?”

इथे मला खरं सांगता आलं असतं. दुसरा कुणी असता तर त्यानं घाबरून तरी सांगून टाकलं असतं. पण मला समोर दिसलं ते एवढंच की खोटं आयतं हातात आलंय. मी म्हणालो, “हो अक्का. मेकॅनिक ट्रायल घेत आला होता. ब्रेकचं थोडं राहिलंय, म्हणून परत घेऊन गेला.”

“पूजा चुकवली नाही हं तिनं,” अक्का म्हणाली. आणि तिनं रिकाम्या जागेला ओवाळलं.

स्वयंपाकघरात गेलो तर सुधा पाठ करून उभी होती. “भीती वाटली का?” मी विचारलं. ती म्हणाली, “वाटली. गाडीची नाही. तुमची.”

पुढच्या रविवारी मी एकटाच देवनहळ्ळीला गेलो. मनात मांडणी पक्की होती — नारायणप्पा गाडी घेऊन शहरात आले असणार, जुन्या घरावरून गेले असणार, कडी मी नीट लावली नसणार... रांगोळीचं पुढे बघू.

द्राक्षाच्या मळ्याच्या कडेला, एका चकोत्याच्या, म्हणजे पपनसाच्या, झाडाखाली हेराल्ड उभी होती. चार दगडांवर. चाकं काढून भिंतीला टेकवलेली, त्यांच्यावर कोंबड्या बसलेल्या. बॉनेट उघडं आणि आत इंजिनच नाही. ते शेडमध्ये गोणपाटावर सुटं करून ठेवलं होतं.

“गौरी-गणपतीच्या आधीपासून असंच आहे, सार,” नारायणप्पा कानकोंडे होऊन म्हणाले. “पार्ट सिगल्ला.”

पार्ट मिळत नाही. जे मी चार महिने खोटं म्हणून सांगत होतो, ते मला तिथे उन्हात उभं राहून खरं म्हणून ऐकावं लागलं.

गाडीवर सुकलेला झेंडूचा हार होता. मी विचारलं, पूजेला लिंबं ठेवली होती का? ते हसले. “चाकंच नाहीत, सार. लिंबं ठेवणार कुठे?”

मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. कारखान्यात एखादा पार्ट का तुटला ते शोधताना तपासायचो, तशाच. गल्लीत दुसरी हेराल्ड नव्हती. आवाज चौघांनी ऐकला, त्यातल्या दोघांना गाडी विकल्याचं माहीत होतं आणि दोघींना नव्हतं. चिरडलेली लिंबं आणि टायरच्या खुणा भ्रमातून होत नाहीत. याउपर माझ्याकडे काही नाही. आज चार वर्षं झाली, तरी नाही. अक्काला विचारलं तर ती चिडते — “आली होती ती. त्यात तुला न कळण्यासारखं काय आहे रे?” हा मजकूर मी तिला वाचून दाखवूनच पाठवतोय. तिनं एकच दुरुस्ती केली. मी रंग आकाशी लिहिला होता, तिनं ‘फिकट निळा’ करायला लावला.

पण देवनहळ्ळीहून परतल्यावर मला त्या कोड्यापेक्षा दुसरंच काही झोपू देत नव्हतं. आठवड्याभरानं मी अक्काला म्हटलं, “चल, जरा लांब फिरून येऊ.” ती मारुतीत पुढे बसली आणि शहर संपेपर्यंत माझ्या चालवण्याला नावं ठेवत होती. “गिअर टाकतोस की दगडी पाट्यावर वाटण वाटतोस?” मी हसत होतो.

मळ्यापाशी मी गाडी थांबवली. झाडाखालचा निळा रंग तिला लांबूनच दिसला. ती उतरली. काठी टेकत गेली. दगडांकडे पाहिलं, रिकाम्या बॉनेटात पाहिलं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार — ते थोडं उचलून उघडावं लागतं, तसं तिनं उचलून उघडलं आणि आत बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. नारायणप्पा शेडच्या दारातच थांबले. माझ्याकडे न बघता अक्कानं विचारलं,

“आता कुणाची आहे ही?”

मी खिडकीशी खाली बसलो, मातीतच. म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडापेक्षा खाली आलं.

“त्यांची आहे, अक्का. मी विकली. जूनमध्येच, तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा. पार्टचं सगळं खोटं होतं. त्या दिवशी मेकॅनिक आला होता, तेही खोटं. कोण आलं होतं मला माहीत नाही. मला पोर्च हवा होता, एवढंच. तू रोज विचारत होतीस आणि मी रोज तुला वाट बघायला लावत होतो. गाडी विकली त्यापेक्षा ते वाईट होतं. माझं चुकलं, अक्का. मला माफ कर.”