निळी की पांढरी?

पवनारच्या फाट्यावर वर्ध्याची बस धरायला उभा होतो, तेव्हा दिगंबर सरांच्या पुतण्याने सायकल थांबवून सांगितलं, "काका गेले जी... काल दुपारी." बस आली, गेली. मी उभाच राहिलो. आज त्याला दीड महिना होतोय.

हिंगणीकडच्या एका शाळेत आम्ही सोबत होतो. मी गणित शिकवायचो, ते विज्ञान. गावाबाहेरचा मुरमाड माळ त्यांचा फार लाडका. अशा कोरड्या, भाजून काढणाऱ्या जमिनीत काय उगवतं हे बघायला रविवारी जेवण झालं की ते निघायचे, मलाही ओढायचे. तिथलंच जमिनीलगत पसरणारं, नखाएवढ्या फुलांचं एक रोपटं त्यांनी वहीत दाबून वाळवलं, पुस्तकाशी ताडलं आणि खाली लिहिलं, 'शंखपुष्पी'. आठ वर्षं मुलं तेच शिकली.

अठ्ठ्याहत्तर साली सर पालकांना ती वही दाखवत असताना बकऱ्या राखणाऱ्या गिरजाबाई पानावर वाकल्या. "गुरुजी, हे तं निळं फूल हाये. शंखपुष्पी पांढरी राह्यते. हे वाळून पांढुरकं झालं."

"पण मी स्वतः तोडलं..."

"तुमी दुपारी जाता. तवा फुलं मिटून जाते. सकाळी येजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर माळ निळ्या ठिपक्यांनी भरलेला! गिरजाबाईंनी पलीकडे दगडांत पांढरी फुलंही दाखवली. सर भिंग घेऊन पालथे पडले. "अहो, ह्या निळीत मधे चार टोकं आहेत, पांढरीत दोनच! बघा, बघा तर!" आपण चुकलो याचं वाईट वाटायला त्यांना संध्याकाळ व्हावी लागली. निळी ती विष्णुक्रांता.

मुख्याध्यापक म्हणाले, "एका फुलासाठी काऊन बोभाटा करता? कोणाले फरक पडते?"

"पोरं माझ्या भरवशावर चुकीचं नाव घेऊन गेली," सर म्हणाले. शाळेच्या रजिस्टरातून पत्ते काढून हिवाळाभर ते जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं लिहीत बसले.

तेराव्याला सुलभा आली. आमची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः मास्तरीण. तिने पर्समधून तिला आलेलं सरांचं पोस्टकार्ड काढून माझ्या हातात दिलं. चुकीची कबुली, दोन्ही फुलांची चित्रं आणि खाली एक ओळ : 'तू रोज सकाळी त्याच माळावरून शाळेत यायचीस. तुला ठाऊक असेल, तर तेव्हा बोलली का नाहीस? जरूर कळव.'

"ठाऊक होतं?" मी विचारलं.

"होतं जी," ती म्हणाली. "पण सरले कसं सांगू, असं वाटे... अन् मंग उत्तर लिहायचं राहूनच गेलं."