सील बघायला वरूडला

“वैशू, तुहं रबर फुगलं.”

दिलीपमामाचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या एमआयडीसीत, आमच्या कारखान्यात डबा उघडून बसले होते. फुगलं म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारलं.

“फुगलं म्हंजे फुगलं. जागेवर बसूनच नाई राहिलं. भाऊसाहेब म्हनते, तुही भाची शिकलेली आहे ना, मंग बोलाव तिले.”

असा हा प्रवास ठरला. या ब्लॉगवर मी नरनाळा लिहिलाय, चिखलदरा लिहिलाय. यावेळी एक रबरी सील बघायला गेले. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी रस्ता आणि खाण्यापुरतं वाचलं तरी चालेल.

आधी थोडं मागचं. मामा वरूडला संत्र्यांच्या पॅकिंग हाऊसमध्ये मशीन चालवतो. संत्री आधी सोड्याच्या गरम पाण्यात धुतली जातात, मग ब्रशांवरून फिरतात, मेण लागतं, वाळतात आणि पेटीत जातात. धुण्याच्या हौदाला एक पंप आहे. त्याच्या फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारी रबरी कडी बसते, ते सील. बाजारातली सीलं दर थोड्या दिवसांनी गळायची. मालक भाऊसाहेबांनी ठरवलं होतं, की सगळ्या मशीनची देखभाल नागपूरच्या एका कंपनीला देऊन टाकायची. त्या कंपनीची स्वतःची माणसं येतात, म्हणजे मामाचं काम जाणार. तेव्हा मामानं शब्द टाकला, माझी भाची रबराच्या कारखान्यात आहे, ती बरोबर सील देईल. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मीच पहिली. मामाला वाटतं, बीएस्सी झालेल्या माणसाला सगळं माहीत असतं.

सील देण्याआधी मी फोनवर विचारलं होतं.

“पाणी किती गरम असतं?”

“हात टाकला की काढा लागते.”

“सोडा?”

“असते ना.”

“पाण्यात तेल येतं का?”

“संत्र्याच्या पाण्यात तेल कुठून येईन वो बाई?”

मग मी ईपीडीएम रबराचं सील दिलं. रबर निवडताना आमच्याकडे असं असतं: काळं नायट्राइल तेलाला दाद देत नाही, पण सतत उष्णता लागली की कडक होऊन तडकतं. ईपीडीएम गरम पाण्यात, वाफेत, सोड्यात मजेत राहतं, पण तेल लागलं की फुगतं. सिलिकॉन उष्णता भरपूर सोसतं, पण घासलं की फाटतं. आणि तपकिरी एफकेएमला तेल आणि उष्णता दोन्ही चालतात. फक्त ते फार महाग आहे, आणि गरम सोड्याशी त्याचं किती दिवस जमेल ते त्याच्या जातीवर ठरतं. मी ज्या दिवशी हे शिकले त्या दिवशी मला वाटलं होतं, आता काही अवघड नाही.

कारखान्यातले आमचे इंगळे सर म्हणाले, “वरूडला जायच्या आधी नांदगाव पेठला उतर. तिथल्या कापड कारखान्याला आपण त्याच घाण्यातलं, एकदमच मळलेल्या रबराचं सील दिलंय. तेही फुगलं असेल तर आपला माल खराब.”

सकाळी अकोल्याहून एसटीनं निघाले. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खिशाला भार नाही. मूर्तिजापूरपर्यंत झोप, बडनेऱ्याला गरम आलूबोंडा आणि तळलेली मिरची. अमरावतीहून नांदगाव पेठला शेअर ऑटो मिळतात, फक्त बसण्याआधी एमआयडीसीच्या फाट्यावर थांबतो का ते विचारून घ्या. माझा थांबला नाही. बरंच अंतर मागे चालत आले.

कापड कारखान्यात रंगाच्या मशीनकडे मेंटेनन्सचे साबीरभाई भेटले. त्यांनी पंप उघडून सील माझ्या हातात दिलं. मी ते उजेडात धरलं, दाबलं, वास घेतला, व्हर्निअरनं मापलं.

साबीरभाई हसायला लागले. “ताई, पोरगी पाहायले आल्यावानी पाहून राहिल्या. चालून दाखव म्हना आता तिले!”

सील ठणठणीत होतं. उकळत्या रंगाच्या आणि सोड्याच्या पाण्यात इतके दिवस राहून मापात फरक नव्हता. म्हणजे आमचा माल चांगला होता, गरम पाणी आणि सोड्याचा माझा हिशोबही बरोबर होता. मला आनंद व्हायला हवा होता. उलट गोंधळ वाढला. मग तिकडे का फुगलं?

अमरावतीत उभ्याउभ्या दह्यातला गिला वडा खाल्ला. चटणी तिखट आहे, सांगून ठेवते. मग मोर्शीमार्गे वरूडची बस. मोर्शी सोडलं की दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे सुरू होतात. थंडीत येणारा आंबिया बहाराचा माल निघत होता. ट्रॅक्टर, ट्रक, मागं क्रेट बांधलेल्या मोटारसायकली, आणि कडेला नापास संत्र्यांचे ढीग. खिडकी उघडी ठेवा. एवढा वास पुन्हा कुठे मिळणार नाही.

मामाच्या घरी पोहोचले तर त्यानं सील स्टीलच्या ताटलीत काढून ठेवलेलं. खरंच फुगलेलं, मऊ, कडेला चुण्या पडलेल्या. ईपीडीएम असं फक्त तेलानं होतं.

“मामा, बसवताना काय लावलं होतंस?”

“ग्रीस. कावून?”

मी सील पुन्हा ताटलीत ठेवलं.

“ग्रीसशिवाय कोनी सील बसवते काय?” मामा म्हणाला. खरंच होतं. सगळ्या वऱ्हाडात, ट्रॅक्टर असो की मोटर, सील बसवायच्या आधी बोटभर ग्रीस फिरवतात. ग्रीस म्हणजे तेलच. या रबराला ते लावायचं नसतं, हे मी त्याला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मामाचा चेहरा उतरला. “म्हंजे म्याच फुगवलं का ते?”

मामी कांदा चिरत होती. ती म्हणाली, “बोटभर ग्रीसनं एवढं होते? मंग फुग्याचं काय म्हनशीन?”

“कोणता फुगा?”

“विसरली काय? दिवाळीच्या सुट्टीत यायची तवा पोट्ट्यायच्या फुग्यावर संत्र्याचं साल पिळत होती. फाटकन फुटे, अन् मंग तू पळे.”

मी विसरले नव्हते. सालीतून जो बारीक फवारा उडतो, डोळ्यात गेला तर झोंबतो, तो त्या घरात सगळ्यांच्या हाताला रोज लागतो. ते तेल असतं. मी त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिलंय. पण मामाला मी तेल विचारलं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर मोटरचं तेल आलं, आणि माझ्याही.

जेवणाआधी आम्ही तिघं साली पिळायला बसलो. “लोक रस पितेत, आमची भाची साल पिते,” मामी म्हणाली. सालीचं वाटीच्या तळाला लागेल एवढं तेल निघालं. त्याच रबराच्या नव्या सीलचे तुकडे कापून एक त्यात टाकला, एक मामाच्या ग्रीसमध्ये, एक थर्मासात सोड्याच्या गरम पाण्यात. सोबत आणलेल्या तपकिरी एफकेएमचाही एक तुकडा सालीच्या तेलात.

सकाळी पाण्यातला तुकडा होता तसाच. सालीच्या तेलातला फुगून वाकडा झालेला. ग्रीसमधलाही फुगला होता, पण कमी. तपकिरी तुकडा जसाच्या तसा.

“मंग कोनाची चूक?” मामानं विचारलं.

साल जास्त फुगवते, पण हौदात तेल किती असणार? ग्रीस कमी फुगवतं, पण ते थेट सीलच्या ओठावर, दांड्याला टेकणाऱ्या कडेवर लावलेलं. चहा गार झाला तरी मी वाट्यांकडेच बघत होते.

पॅकिंग हाऊसमध्ये गेलो तर हौदावर पातळ चकाकणारा तवंग होता. मामा त्याला मेण समजायचा, ते सालीचं तेल होतं. भाऊसाहेब खुर्ची ओढून बसले. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाला, “भाऊसाहेब, ग्रीस म्या लावलं. चूक माही आहे.”

“नाही, रबरच चुकीचं दिलं मी,” मी म्हटलं.

“दोघंबी चूक घेऊन राहिले, मंग मी काय पंपाले इचारू?” भाऊसाहेब म्हणाले. बाजूची माणसं हसली. “ते जाऊ द्या. आता कोनतं टाकाचं?”

“हे तपकिरी. आणि ग्रीस न लावता, सोड्याच्या पाण्यात बुडवून बसवायचं.”

“टिकनच?”

इथं ‘हो’ म्हणता आलं असतं. मामा माझ्याकडे बघत होता, सगळे थांबले होते. पण तो तुकडा सोड्यात मी तपासलाच नव्हता, आणि एका रात्रीत ते कळतही नाही.

“सालीच्या तेलात टिकेल. गरम सोड्यात किती दिवस, मला माहीत नाही.”

भाऊसाहेबांनी भुवया वर केल्या. “एवढं शिकून?”

“दर आठवड्याला उघडून मापावं लागेल. माप वाढायला लागलं की समजेल.”

“अन् भर सीझनमंधी मशीन बंद ठेवून कोन उघडन दर हप्त्याले? नागपूरवाले येतेत बोलावल्यावर दोन दिवसानं.” ते बोलता बोलता थांबले आणि मामाकडे वळले. “दिलीप, किती वेळ लागते तुले?”

“जेवनाच्या सुट्टीत होते.”

“मंग हा सीझन निघू दे. पुढचं पुढं पाहू.”

एवढंच. काम गेलं नाही, पण राहिलं असंही कुणी म्हटलं नाही.

बस स्टँडवर मामानं संत्र्यांची पिशवी हातात दिली. मग म्हणाला, “वैशू, सगळ्यायसमोर ‘माहीत नाई’ म्हनाची काय गरज होती? म्या तं सांगून ठेवलं होतं तुले सगळं येते म्हनून.”

“खोटं बोलू का मग?”

“खोटं नोको बोलू. पन...” बस लागली.

घरी आल्यावर आईनं पहिलं विचारलं, दिलीप रागावला का? मी म्हटलं, नाही. नंतर म्हटलं, थोडा. या प्रवासाचा खर्च विचाराल तर फार नाही, एसटी आणि वडे. वरूडला जायचं तर थंडीतच जा, आणि बगीच्यात विचारल्याशिवाय शिरू नका. यापुढे कुणाला सील देताना मी ‘तेल येतं का’ एवढंच विचारणार नाही, दिवसभरात हाताला काय काय लागतं ते विचारीन. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते फक्त ‘हं’ म्हणाले. ते ‘हं’ चांगलं होतं की वाईट, तेही कळलं नाही.

काल मामाला फोन केला. त्यानं उचलला, पण तो दुसऱ्याच कुणावर ओरडत होता: “ओ, हात नोको लावू पंपाले! थे सील मी पाहून राहिलो.” त्या माणसानं विचारलं, कोणी दिलं हे? मामा म्हणाला, “अकोल्याहून आनलं.” माझं नाव घेतलं नाही. तो मला सांभाळत होता, की माझ्या नावाची त्याला आता खात्री नव्हती?

मग तो फोनवर आला. “मापलं आज. जेवढं होतं तेवढंच आहे. आता सांग, हे चांगलं का नाई?”

“सध्या चांगलं आहे, मामा.”

“सध्या,” तो म्हणाला. मागं पंपाचा आवाज येत होता. “बरं, पुढच्या हप्त्याले मापून पुन्हा सांगतो तुले.”