आत्याने हिटर तपासला

जुनी गाडी घ्यायची म्हटली की नातेवाइकांना आत्या आठवायची. एरवी तिच्या वाटेला फारसं कोणी जात नसे. शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून तिने उभी हयात काढलेली. पाठीशी सतत पोरांचा धिंगाणा, त्यामुळे हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही. गाडी बघायला गेली की विकणाऱ्याकडचा चहा ती घ्यायची नाही. चहा घेतला की माणूस भिडेला बळी पडतो, असं तिचं म्हणणं होतं.

त्या दिवशी ती भाच्याबरोबर गेली, पण तोंड फुगवूनच. भाच्याला दूर डोंगरातल्या गावी नोकरी लागली होती. तिथे अर्धं वर्ष बर्फ, आणि गाडीशिवाय कामावर पोचायची सोय नाही. परवडणारी अशी ही एकच गाडी सापडली होती. "ही नाही जमली तर नोकरीचा नाद सोडतो," असं तोच म्हणाला होता. आईच्या माघारी आत्यानेच त्याला वाढवलेलं. त्याने जाऊ नये असं तिला फार फार वाटत होतं. तेवढं सोडून आठवडाभर ती बाकी सगळं बोलली होती.

गाडीचा मालक चष्म्याचा दुकानदार होता.

"हिटर एकदम झकास आहे हो, ताई! लावला की घाम फुटतो."

"कोणाला? तुम्हालाच ना?" आत्या म्हणाली आणि चपला काढून आत बसली. पायाखालची चटई कोरडी आहे का, हे ती तळपायाने बघायची. चटई कोरडी होती. काचेवर चिकट वाफ नव्हती, इंजिनाच्या पाण्याचा गोडसर वासही नव्हता; म्हणजे हिटर गळत नव्हता. मग तिने गाडी बाजारपेठेतून चांगली दूरवर फिरवून आणली. हिटरचा पंखा जीव तोडून फिरत होता, पण हवा येत होती कोमट. भाचा मागच्या सीटवर अंग चोरून बसला होता.

परत आल्यावर दुकानदाराने चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि शरणागती पत्करली. "खरं सांगतो, ताई. मेकॅनिक म्हणाला, हिटरची आतली जाळी तुंबलीय. अख्खा डॅशबोर्ड उचकटावा लागेल. खर्च मोठा आहे."

भाच्याचा चेहरा पडला. "मग राहू दे," तो म्हणाला. "जाऊ या, आत्या."

आता आत्याने नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. तिने दोन पावलं फाटकाकडे टाकलीही. मग स्वतःवरच चरफडत ती मागे फिरली आणि बॉनेट उघडून हिटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या चाचपल्या.

"कोण तो तुमचा मेकॅनिक? त्याला आधी चष्मा द्या! जाळी तुंबली असती तर एक नळी कडक तापली असती आणि दुसरी गार राहिली असती. या दोन्ही सारख्याच कोमट आहेत. इतकी फिरवून आणली तरी इंजिनाच्या तापमानाचा काटा अजून खालीच लोळतोय. थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची झडप, उघडाच अडकलाय. पाणी तापायच्या आधीच रेडिएटरमध्ये जाऊन गार होतंय. किरकोळ काम आहे. नवा बसवून द्या, मग पोरगा गाडी घेईल."

दुकानदार लगबगीने फोन करायला आत पळाला. आत्या पदराला हात पुसत राहिली. हात कधीच स्वच्छ झाले होते.

भाचा जवळ आला. "आत्या, जाळी गेलीय म्हणाली असतीस तरी मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता."

"माहितेय मला," आत्या म्हणाली. या वेळी तिचा आवाज चक्क हळू होता. "म्हणूनच तर तसं बोलता येईना."