सर्व्हरताईंची भीती

इतकं उघडपणे घाबरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कल्याणच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढायचो, तिथला सर्व्हर एक ताई सांभाळायच्या; आम्ही त्यांना सर्व्हरताईच म्हणायचो. ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या, घरची होडी असलेल्या. मशीनचा आवाज जरा बदलला की डब्यातला घास हातातच राहायचा. आम्ही चिडवायचो. "घाबरते म्हणूनच पगार मिळतो रे मला," त्या म्हणायच्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमचे रिपोर्ट फोनच्या वायरीवरून थेट ठाण्याच्या डॉक्टरांकडे जायला लागले होते, आणि मालकांना त्याचा कोण अभिमान! माझ्या बाबांच्या हृदयाची झडप बदललेली. रक्त पातळ ठेवायची गोळी किती घ्यायची, ते डॉक्टर आमच्याच लॅबच्या रिपोर्टातल्या आकड्यावरून ठरवायचे. आकडा चुकला तर एक तर गुठळी, नाहीतर रक्तस्राव.

एक दिवस ताई पांढऱ्याफटक चेहऱ्याने आल्या. सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं होतं. जाणकार माणूस नुसता फोन लावून, पासवर्डशिवाय आत शिरू शकत होता. नव्या आवृत्तीची सीडी मिळत होती, पण तिच्यात सगळंच नवं. ताईंनी ती एका सुट्या मशीनवर चढवून पाहिली, तर रिपोर्टातले आकडेच छापून येईनात.

"चालतंय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता?" मालक म्हणाले. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू!

"अरे, मशीन बंद पडलं तर बोंब तरी होते," ताई मला म्हणाल्या. "कुणी आत येऊन तुझ्या बाबांचा आकडा बदलला, तर कळणार कुणाला?"

त्यांना सगळं नवं नकोच होतं. जुनी आवृत्ती तशीच ठेवून तेवढं भोक बुजवणारी दुरुस्ती त्यांनी शोधली होती. "एक फळी सडली म्हणून कोणी भर खाडीत नवी होडी बांधत नाही. पण पाणी आत येत असताना बसूनही राहत नाही." त्यासाठी सर्व्हर एक दुपार बंद ठेवावा लागणार होता. मालकांनी साफ नाही म्हटलं. तेव्हा या घाबरट बाईने सगळ्यांदेखत फोनची वायर उपटली.

मग ताई सर्व्हरवरच्या नोंदी पाहत बसल्या आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. आदल्या रविवारी, लॅब बंद असताना, कोणीतरी आत येऊन गेलं होतं. काय पाहिलं, काय बदललं, काही पत्ता नाही. ताईंनी एकेका डॉक्टरला स्वतः फोन केला. "ते रिपोर्ट धरू नका, रक्त पुन्हा घ्या." बाबांचं रक्त मीच काढलं. बाप रे, सुई धरताना मला दरदरून घाम फुटला होता! आकडा जुळला. सगळ्यांचेच जुळले.

"म्हणजे काहीच झालं नव्हतं!" मालक कडाडले. लॅबची अब्रू घालवली म्हणून त्यांनी ताईंना काढून टाकलं. वायर पुन्हा जोडली गेली, दुरुस्ती राहिली ती राहिलीच. जाताना ताई एवढंच म्हणाल्या, "बाबांना जप रे." मला रडू आवरेना.

पुढच्या खेपेला मी बाबांना डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये नेलं.

"अरे, तुझी लॅब असताना इथे कशाला?" त्यांनी विचारलं.

"तिथे गर्दी असते, बाबा," म्हणालो, आणि त्यांना रांगेत बसवून कल्याणला ड्यूटीवर गेलो.