पोरीला समुद्र मी दाखवणार

देवपूरचे माझे साडू नसते तर माझ्या पोरीने समुद्र पाहिला नसता, निदान माझ्यासोबत तरी नाही. हे आधीच लिहून टाकतो. पुढे जे येणार आहे त्यात त्यांच्याबद्दल जळफळाटच जास्त आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस उपकार विसरला. विसरलो नाही. पण जळणंही थांबलेलं नाही, तेही खरं.

साडू धुळ्याच्या देवपूर भागात राहतात, तिथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात आहेत. पदवी झालेली, बोलणं गोड, दारात पांढरी गाडी. त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मी नववीत शाळा सोडली. हल्ली रायपूरला केळी पिकवायच्या गोदामात आहे. जळगावकडून हिरव्या केळीचा ट्रक येतो, थंड खोल्यांत ठेवून आम्ही ती पिवळी करतो. केळी माझ्या गावाकडून दर आठवड्याला येतात, मी गावाकडे वर्षातून एकदा जातो. बायको आणि पोरगी तिकडेच, जळगावच्या पिंप्राळ्याला.

साडूंचं घर दर उन्हाळ्यात समुद्रावर जातं. ते जातात आणि मी इकडे गोदामात स्वेटर घालून मोबाइलवर त्यांचे स्टेटस बघतो. अक्का गुडघाभर पाण्यात. त्यांची पोरं वाळूत पुरलेली, फक्त मुंडकी वर. अक्काच्या हातात शहाळं. एकेक फोटो बोटांनी मोठा करून मी बघायचो. शहाळ्यातली नळीसुद्धा मला खुपायची. पुढचा फोटो आला की मागचा परत बघायचो. जेवण जात नसे.

या वर्षी मार्चमध्ये पोरगी फोनवर म्हणाली, "पप्पा, मावशी मला समुद्र दाखवायला नेणार आहे. काकांनी गाडीत माझी खिडकीची जागापण ठेवलीय."

खिडकीची जागा! 

"मावशीला सांग, राहू दे," मी म्हणालो. "समुद्र तुला मी दाखवणार."

बायकोने फोन घेतला. "तुम्ही तरी पाहिलाय का कधी?"

"त्यात पाहायचं काय असतं? रस्ता विचारत जायचं."

"मेमध्ये? लग्नसराईत? मागच्या वर्षी दाजींसारखा माणूस चांदवडच्या पुढे अर्धा दिवस अडकला होता."

दाजींसारखा माणूस. म्हणजे मी तर अडकून मरणारच.

त्या दिवसापासून मला झोप नाही. पोरगी पहिल्यांदा समुद्र बघेल तेव्हा तिने वळून माझ्याकडे बघायला हवं, साडूंकडे नाही, एवढंच डोक्यात. गोदामातल्या प्रत्येकाला मी रस्ता विचारला. मोबाइलवर नकाशा उघडून लाल रेघा बघत बसायचो. शेवटी आपल्या खान्देशी अक्कलेने ठरवलं: तांबडं फुटायच्या आत निघायचं, ऊन तापायच्या आत नाशिक गाठायचं. आमच्याकडे कुठेही जायचं म्हटलं की पहिला विचार उन्हाचा. माणूस लग्नाला निघो की मयताला, ऊन चुकवूनच निघणार.

गाडी भाड्याने ठरवणार होतो. पण बायकोने अक्काला सांगितलं, अक्काने साडूंना, आणि साडूंचा मला फोन आला. "साडूभाऊ, घरची गाडी असताना भाड्याची कशाला? तुम्ही गोदामाचा पिकअप चालवता, ही तर लेकरू आहे. मला काही यंदा रजा नाही. गाडी नुसती उभीच राहणार."

नाही म्हणायची फार इच्छा होती. तोंडातून "बरं" निघालं.

मेमध्ये मी घरी आलो. जळगावहून एसटीने आम्ही तिघं आदल्या दिवशी देवपूरला गेलो. रात्रीच्या जेवणाला भरीत, कळण्याची भाकरी. भाकरी वाढता वाढता अक्का म्हणाली, "काय हो, समुद्रावर कोणाच्या गाडीत चाललात?" आणि स्वतःच हसली. मीही हसलो. 

साडूंनी विचारलं, "कधी निघणार?"

"पहाटे. उन्हाच्या आत."

"तिथेच फसाल." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "बठ्ठा खान्देश पहाटेच निघतो, साडूभाऊ. वऱ्हाडं, क्रूझर, भाजीवाले, सगळे ऊन चुकवायला एकाच वेळी रस्त्यावर. तुम्ही जेवून निघा. भर दुपारी. त्या वेळी मालेगावपर्यंत कुत्रंसुद्धा आडवं येणार नाही. रात्री नाशिकला मुक्काम करा. पुढे मुंबईचा रस्ता धरू नका, त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार करत डहाणूकडे उतरा. घाट आहे, पण रस्ता मोकळा."

इतकं सोपं होतं. दोन महिने मी नकाशा बघत होतो आणि हे मला सुचलं नव्हतं. माणसाकडे गाडी असावी, नोकरी असावी, चालेल. पण हेही त्यालाच सुचावं?

निघताना अक्काने प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला. उन्हाची लू लागू नये म्हणून आमच्याकडे घालतात. पोरीच्या फ्रॉकचा खिसा टम्म फुगला. बायकोने खिडक्यांना ओले पंचे अडकवले. साडूंनी गाडीच्या टपावर थाप मारली आणि माझ्या पोरीला म्हणाले, "पप्पांना रस्ता दाखव बरं का."

रस्ता खरंच रिकामा होता. डांबर वितळल्यासारखं चमकत होतं, ढाबेवाले बाजांवर आडवे झालेले, आणि सबंध हायवे जणू मला एकट्याला आंदण दिलेला. चांदवडच्या टोलजवळ चहाला थांबलो तर चहावाला म्हणाला, "सकाळी यायचं होतं ना, मुंगीला जागा नव्हती." बायको म्हणाली, "बघा, दाजींचं बरोबर निघालं." मी चहा तसाच टाकून गाडीत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डहाणूच्या पुढे एका किनाऱ्यावर पोचलो. चिकूच्या वाड्या मागे पडल्या, सुरूची झाडं आली, वाऱ्याला खारट वास आला. मी गाडी लावली. पोरीचे डोळे माझ्या हातांनी झाकले आणि तिला तसंच चालवत वाळूपर्यंत नेलं. हे मी रायपूरलाच ठरवून ठेवलं होतं. बायकोला पुढे जाऊन मोबाइल धरायला लावला. मग हात काढले.

पोरगी बघत राहिली. मीही बघत राहिलो.

समोर पाणी नव्हतं. करडा ओला चिखल, लांबच लांब, त्यात टेकलेल्या दोन होड्या, एक कुत्रं. पार पलीकडे एक चकाकती रेघ, आमच्या पांझरेच्या पात्रात मे महिन्यात डबकं उरतं तशी.

"पप्पा, समुद्र कुठेय?"

बायको चिंतेत असली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते. "आटी गया का हो? बठ्ठा आटी गया!"

माझ्या मनातही तेच. ज्याने आयुष्यभर गिरणा बघितली, पांझरा बघितली, त्याला मेमध्ये पाणी आटतं हे कोणी शिकवावं लागत नाही. एवढा मोठा आहे, पण ऊनही केवढं! आणि साडू नेमके दर वर्षी पाणी असतानाच कसे येतात? नशीबच तसं.  पोरीचा ओठ थरथरायला लागला होता. तिचं रडू सुरू झालं की संपलं, मग पुढच्या वर्षी मावशीची खिडकी.

बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून झाडांआड गेलो आणि साडूंना फोन लावला.

"साडूभाऊ, इथे समुद्र आटलाय. दुसरा कुठे आहे जवळ?"

 आता हसतील, मग अक्काला सांगतील, अक्का जळगावपासून वरणगावपर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगेल. मी वाट बघत उभा.

ते हसले नाहीत. म्हणाले, "भरती कधी आहे ते विचारलंत?"

"कसली भरती?"

मला भरती एकच माहीत. वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत भरती निघाली होती, पोलिसांतही निघाली होती. दहावी पास नाही म्हणून मी दोन्हीकडे गेलो नव्हतो. या शब्दाने मला नेहमी दाराबाहेरच ठेवलंय.

"पाण्याची भरती हो. समुद्र मागे जातो आणि परत येतो, रोज. त्या होडीवाल्याला विचारा, किती वेळ आहे. आणि तिथून हलू नका. पहिल्या वर्षी समुद्र आटला म्हणून मीही गाडी वळवली होती." मग म्हणाले, "पोरीला सांगा, समुद्र येताना दाखवायचा म्हणून मुद्दाम लवकर आणलं."

साडू खरोखर कधी मागे फिरले होते, की माझं मन राखलं, मला कळलं नाही. ते खरंच असावं असं मला फार फार वाटलं.

पोरीला तसंच सांगितलं. आम्ही सुरूच्या सावलीत बसलो. बायकोने दशम्या सोडल्या, पोरीने खिशातला कांदा काढला, मी तो बुक्कीने फोडला. आणि खाता खाता ती रेघ जाड झाली. मग पांढरी झाली. मग आवाज आला. चिखलावरून पाण्याची पातळ चादर सरकत आमच्याकडे यायला लागली, कुत्रं पळालं, टेकलेल्या होड्या एकामागून एक हलल्या. पोरगी उभी राहिली. कांद्याची पाकळी तोंडात तशीच.

"पप्पा, आला!"

आणि वळून तिने माझ्याकडे बघितलं.

नंतर त्या दोघी पाण्यात शिरल्या. चपला, पिशव्या, मोबाइल माझ्याजवळ. मी फोटो काढत होतो. काढता काढता हात थांबला. गेल्या कित्येक उन्हाळ्यांतले साडूंच्या घरचे फोटो मला पाठ आहेत. अक्का आहे, पोरं आहेत, शहाळं आहे. साडू एकाही फोटोत नाहीत. एवढी वर्षं जळलो, पण ज्याच्यावर जळत होतो तो माणूस त्यांत दिसत नाही हे कधी दिसलं नाही.

परत देवपूरला गाडी द्यायला गेलो तेव्हा साडू आंघोळीला गेले होते. अक्काने चहा ठेवला. "आठ दिवस घरीच लोळतायत," ती म्हणाली. "रजा टाकलेली होतीच ना. मी म्हटलं, आपणही जाऊ मागून. तर म्हणे, नको, पोरीला समुद्र तिच्या बापाला दाखवू दे." आटल्याच्या फोनबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. म्हणजे तिला माहीतच नव्हतं. साडू आंघोळ करून आले, "कसा होता रस्ता?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मोकळा."

आता मी परत रायपूरला आहे. काल स्टेटसवर साडूंच्या मोठ्या मुलाचे गुण आले, आणि मी पुन्हा जळलो. ते काही थांबायचं नाही. पण एका उन्हाळ्यात, भर दुपारी, मी देवपूरला येणार आहे. गाडी मी चालवीन. साडूभाऊंना खिडकीत बसवीन. तिथे चपला, पिशव्या, सगळ्यांचे मोबाइल मी सांभाळीन, आणि भरती कधी आहे हेही मीच विचारून ठेवीन. त्यांना गुडघाभर पाण्यात उभं करून फोटो काढीन. आणि तो फोटो अक्काच्या आधी माझ्या स्टेटसवर लागेल.