चंद्रानं आणलेली खबर

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली तेव्हा वाटलं, चला, आता सांगण्यासारखं कुणी उरलं नाही – सुटलो. पण सुटलो कसला? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जीभ उचलेल. बघतो.

निजामाचं राज्य होतं. भोकरच्या अलीकडं एका गावात मी मुलांना शिकवायचो. त्या साली आसपासच्या गावांत प्लेग शिरला होता. चावडीवर सरकारी इश्तिहार लागायचे, तेही उर्दूत. मोठ्यांनाच वाचता येत नव्हते, मग लेकरांना काय कळणार? त्यांना दिसायचं ते एवढंच – शेजारच्या गावची माणसं घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेली, आणि त्यातली काही परत आलीच नाहीत. एका पोरानं मला विचारलं, "गुरुजी, देव कुनावर रागावलाय?"

म्हणून मी चित्रांचं पुस्तक केलं. जाड कागद, गेरू, नीळ, हळद, काजळ. उंदीर मला पुन्हा पुन्हा काढावा लागला. पहिला इतका गोजिरा झाला होता की मुलं त्याला हात लावायला धावली असती. उंदराच्या अंगावरची पिसू, ती माणसाला चावते, मग गाठ येते – सगळं काढलं, पण लेकरं दचकणार नाहीत अशा बेतानं. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : मेलेला उंदीर दिसला तर शिवू नका, मोठ्या माणसाला सांगा. मुलं ते गाण्यासारखं म्हणायची. मला त्या पुस्तकाचा अभिमान होता. खरं सांगू? थोडा अजूनही आहे.

त्याच दिवसांत माझ्या बहिणीचं, सुमनचं लग्न तोंडावर आलं होतं. तिचं एक ठरलेलं लग्न आधीच मोडलं होतं – आमच्या घरावर त्याची सावली कशी पडली होती, ते काय सांगू? नांदेडची माणसं मोठ्या मुश्किलीनं तयार झाली होती. आणि आमच्या गावात अजून उंदीर पडला नव्हता – पडला असता तर गाव माळावर गेलं असतं, वऱ्हाड आलंच नसतं.

शेजारी राजारामभाऊंचं घर. त्यांचं किराण्याचं दुकान होतं. त्यांची चंद्रा माझ्याच वर्गात, सात-आठ वर्षांची. एका सकाळी ती आमच्या परसात आली. मी एकटाच होतो.

"गुरुजी, आमच्या कणगीमागं उंदीर पडलाय. म्या शिवले न्हाई."

"घरी सांगितलंस?"

"न्हाई. माय रानात गेलीय, बा दुकानात. तुमीच म्हनलाव नव्हं, मोठ्या मानसाला सांगावं?"

मी तिच्याबरोबर गेलो. उंदीर चिमट्यानं उचलला, मागं खड्डा करून पुरला. आणि म्हणालो, "तुझ्या बाला मी सांगतो. तू कुणाजवळ बोलू नकोस." तिनं मान हलवली. गुणी मुलगी होती.

मी सांगितलं नाही.

लग्न झालं. राजारामभाऊ पंगतीत वाढत होते. त्यांच्या बायकोनं सुमनचं रुखवत मांडलं, तिच्या केसांत फुलं माळली. मी ते बघत होतो – बघवत होतं मला, हे आता आठवलं की नवल वाटतं. वऱ्हाड नांदेडला परतलं, आणि पाठोपाठ त्या बाईला ताप भरला. काखेत गाठ आली. मग तिच्या धाकट्या मुलाला. मग उंदीर घराघरांत पडू लागले, सारं गाव माळावर गेलं. ती दोघं मात्र माळावर राहायला आलीच नाहीत.

आधीच बाहेर पडली असती तर वाचली असती का? हा प्रश्न मी स्वतःला कितीदा विचारला – आणि उत्तर नसल्याचा आधार किती वेळा घेतला!

पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे.

माळावर मी राजारामभाऊंना भेटायला गेलो होतो. ते झोपडीबाहेर बसले होते. कुणीतरी म्हणालं, पहिला उंदीर तुमच्याच घरात पडला असणार. त्यांनी चंद्राकडं पाहिलं.

"तू तर घरातच ऱ्हायचीस. दिसला न्हाई तुला?"

"दिसला व्हता."

"मग सांगितली का न्हाईस?"

"सांगितले की. गुरुजींला."

सगळे माझ्याकडं वळले. चंद्राही बघत होती – मी आता बोलेन, या भरवशानं. आणि मी बोललो. हळू, मायेनं, तिच्या डोक्यावर हात ठेवून बोललो. "लेकरू घाबरलंय, राजारामभाऊ. मला नाही सांगितलं तिनं. तिच्यावर रागावू नका."

ती रडली नाही. पुन्हा ते म्हणालीही नाही.

राजारामभाऊ रागावले नाहीत. ते तिच्याशी बोलायचेच थांबले. मोठी झाल्यावर देगलूरकडं देऊन टाकली, सणाला कधी आणली नाही. "मायीला खाल्लं आन् वर खोटं बोलली," असं म्हणायचे. माझ्यासमोर म्हणायचे. मी रोज त्यांच्या दुकानावरून जायचो, साखर घ्यायचो, हवापाण्याचं बोलायचो. एका वाक्याचं काम होतं. वर्षं गेली.

सुमन नांदेडला सुखात आहे. राजारामभाऊ गेल्या उन्हाळ्यात वारले. चंद्रा मातीला आली, लांब उभी राहिली, आणि जाताना माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला.